सहादेवची बावीस वर्षं

देवळाली प्रवरापासून दोन कोसांवरच्या चिंचमळ्यात सोसायटीचे चेअरमन आले नि गेले, पण काट्यावर सहादेव एकटाच. बावीस वर्षं त्यानं गावाचा गूळ जोखला. जोखण्याआधी रिकामी पारडी समोरासमोर धरायची आणि हलक्या बाजूला खडा टाकून काटा सरळ करायचा, याला धडा करणं म्हणतात. चेअरमनचा गूळ असो की एखाद्या म्हातारीचा, धडा केल्याशिवाय सहादेव ढेपेला हात लावायचा नाही. त्यापायी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, पण मापात गुंजभर इकडंतिकडं होऊ दिलं नाही.

आता मात्र गुडघे गेले होते. संक्रांत झाली की नोकरी सोडायची, फंडाचे पैसे घ्यायचे आणि दारात एक म्हैस बांधायची, असं त्याचं आणि छबूबाईचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे काय, राहुरीच्या बाजारात म्हैस पसंत करून इसारही देऊन झाला होता. शिवरात्रीपर्यंत बाकीचे पैसे पोचले नाहीत तर म्हैस दुसऱ्याची आणि इसार बुडाला.

फंडाची गोष्ट अशी. तालुक्यातल्या अकरा सोसायट्यांनी मिळून कामगारांसाठी एकच प्रॉव्हिडंट फंड काढला होता. कामगाराच्या पगारातून थोडं कापायचं, तेवढंच सोसायटीनं घालायचं, आणि माणूस थकला की त्याच्या हातात द्यायचं. सहादेव नोकरीला लागला तेव्हापासून हे बिनबोभाट चाललं होतं. पण सत्तर सालच्या वार्षिक सभेत कुणा शहाण्यानं पहिला हार दुसऱ्याच चेअरमनला घातला आणि आमच्या चेअरमनना, गहिनीनाथआप्पांना, नवव्या नंबरला. झालं! आप्पांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"आमाला काय हात न्हाईत व्हय?" जीपमधून उतरता उतरता ते गरजले. "चिंचमळ्याचा फंड चिंचमळ्यातच!"

दसऱ्याला मांडव पडला, कर्णा लागला, नारळ फुटला आणि नवा फंड निघाला. कामगार पाच, विश्वस्त अकरा. तालुक्यानं पाचही जणांचे पैसे चेकनं पाठवले आणि सोबत कोण किती वर्षं नोकरीत आहे त्याचा कागदही. आप्पांनी चेक घेतला आणि कागद परत धाडला. त्या लोकांचं अक्षरही त्यांना कपाटात नको होतं. मग कर्ण्यावरून ते म्हणाले, "आजपासनं समद्यांची नोकरी नव्यानं सुरू! मागलं समदं इसरा!" टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्यानं कुणी वाजवल्या असतील तर बिचाऱ्या सहादेवनं.

आता आमच्या सोसायटीची एक रीत होती. आप्पा जे बोलतील ते सेक्रेटरी रविकांतराव ठराव म्हणून वहीत उतरवायचे. एकदा आप्पा भर सभेत "पंखा बंद करा रे" म्हणाले, तर तोही ठराव क्रमांक चौदा म्हणून मंजूर झालेला आहे. तेव्हा दसऱ्याचं भाषणही जसंच्या तसं वहीत गेलं.

संक्रांतीनंतर सहादेव अर्ज घेऊन गेला. रविकांतरावांनी वही उघडली, चष्मा पुसला.

"सहादेव, पाच वर्षं नोकरी झाल्याशिवाय फंड मिळत नाही. तुमचे तर आत्ता कुठं तीन महिने झालेत."

"अवं, तुमच्या आधी आलोय मी हितं!"

"मला माहीत आहे हो. पण वहीला माहीत नाही."

सहादेवनं डोक्याला हात लावला. आप्पांकडं गेला तर ते म्हणाले, "सहादू, तुज्यासाठी नेम मोडला तर तालुका हसंल आपल्याला." मग तो विश्वस्तांच्या घरोघर हिंडला. सगळीकडं चहा मिळाला, सगळ्यांनी हळहळ केली, आणि आप्पांसमोर ब्र काढायला एकही तयार झाला नाही.

"पाच वर्सं अजून ढेपा उचलायच्या?" छबूबाई संतापली. "तवर गुडघं ऱ्हातील का? त्या आप्पाला कुणी इचारतं का न्हाई?"

सहादेवला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पैशापेक्षा त्याला लागलं ते निराळंच. बावीस वर्षं कुणाचं छटाकभर बुडवलं नाही, आणि आपली बावीस वर्षं एका टाळीत गेली, याचा त्याला राग आला, खरा राग.

शिवरात्रीला आठ दिवस उरले असताना आप्पांचा गूळ आला. शंभर ढेपा. अंगणात शेतकरी, अडत्याचा मुनीम, सगळे हजर. दुपारपर्यंत सहादेवनं साठ जोखल्या आणि तेवढ्यात नगरहून टेम्पोतून नवा कोरा काटा आला. आप्पांनी लगेच हळदकुंकू वाहून नारळ फोडला आणि म्हणाले, "आता उरलेल्या ह्याच्यावर!"

उरलेल्या चाळीस नव्या काट्यावर जोखल्या. मग सहादेव मोठ्यानं म्हणाला, "सेक्रेटरीसाहेब, लिवा. आप्पांच्या ढेपा चाळीस."

"चाळीस?" आप्पा उडालेच. "आन सकाळच्या साठ?"

"त्या जुन्या काट्यावरच्या. आता नवा काटा आला. मागलं समदं इसरायचं."

मुनीम चाळिसाचाच हिशेब करायला बसला. त्याला काय, त्याला स्वस्तच!

आप्पा लालबुंद झाले. "अरं, डोस्कं फिरलं का तुजं? गूळ माजा हाय! काटा कुठलाबी असंना!"

"आप्पा," सहादेव शांतपणे म्हणाला, "नोकरीबी माजीच हुती. फंड कुठलाबी असंना."

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळं अंगण खदखदलं. आप्पांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. पळायला वाट नव्हती.

"तेच तर मी म्हनतोय," ते खाकरून म्हणाले. "गूळ त्योच, मानूसबी त्योच. मागली नोकरी धरायची!"

रविकांतरावांनी लगोलग ते वहीत उतरवलं, सवयीनं. मगच सहादेवनं शंभर ढेपा सांगितल्या.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सहादेवचा निरोपसमारंभ झाला. जुनी नोकरी धरायची कल्पना आपल्याला कशी सुचली, यावर आप्पा पाऊण तास बोलले. पहिला हार त्यांनाच घातला गेला, दुसरा सहादेवला. सहादेवनं तो घरी आणून नव्या म्हशीच्या गळ्यात घातला, आणि छबूबाई धारेची चरवी आणेपर्यंत म्हशीनं मान वाकडी करून त्यातली निम्मी झेंडूची फुलं खाऊन टाकली.