केरळच्या मुलीची परीक्षा

माझ्या धाकट्या बहिणीला मी अमेरिकेचं संविधान शिकवलं. रोज सकाळी साडेसहा ते सात, फोनवरून. मी इकडे रत्नागिरीत पडवीत चहा घेऊन बसायची, ती तिकडे ड्यूटी आटपून, जेवून बसलेली असायची.

ती तिकडे बावीस वर्षं नर्स आहे. नवरा तिकडेच वारला, मूलबाळ नाही. मी लग्न केलं नाही. शाळेत नागरिकशास्त्र शिकवता शिकवता निवृत्त झाले. आमचं दोघींचं ठरलेलं होतं. तिची नोकरी संपली की ती परत येणार, आणि आम्ही एकत्र राहणार. तिच्यासाठी मी माडीवर एक खोली काढून घेतली होती. तिचे गुडघे दुखतात म्हणून जिन्याच्या पायऱ्याही बुटक्या करून घेतल्या.

एके दिवशी ती म्हणाली, "ताई, आमच्या हॉस्पिटलात एक केरळची मुलगी आहे. तिला तिकडची नागरिकत्वाची परीक्षा द्यायची आहे. मला विचारते, पण मलाच नीट कळत नाही गो. तू मला समजावशील? मी तिला सांगेन."

मला काय, आनंदच झाला. निवृत्तीनंतर कोणी काही विचारायला येत नव्हतं. तिने प्रश्नांची यादी पाठवली. मी वाचून काढली, वही केली.

"सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोनच सदस्य," मी सांगायची. "राज्य लहान असो की मोठं. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याला दोन आणि पुण्यालाही दोनच, असं धर."

"आणि राष्ट्राध्यक्ष संसदेत बसत नाही?"

"नाही. आपल्या पंतप्रधानांसारखं नाही ते. कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे. कोणा एकाच्या हातात सगळं जाऊ नये म्हणून."

पहिल्या दुरुस्तीतली पाच स्वातंत्र्यं तिला पाठ होईनात. मग मी तिला बोटं मोजायला लावली. बोलायचं, पूजाअर्चा करायची, छापायचं, जमायचं आणि सरकारकडे गाऱ्हाणं मांडायचं. ती तिकडे बोटं मोजतेय हे मला आवाजावरून कळायचं.

एका प्रश्नाशी ती अडखळली. नागरिक होताना तुम्ही कोणतं वचन देता? मी म्हटलं, "सोपं आहे. इतर देशांवरची निष्ठा सोडतो, असं वचन."

"सगळी?"

"सगळीच. अर्धीमुर्धी कशी सोडणार?"

त्या दिवशी तिने सात वाजायच्या आधीच फोन ठेवला. मला वाटलं, दमली असेल.

त्याच दिवसांत देवरूखचे एक शिक्षक मला भेटायला आले. आम्ही एका प्रशिक्षणात भेटलो होतो, पुढे वर्षानुवर्षं पेपर तपासायला एकत्र असायचो. त्यांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी आडून आडून नाही, सरळ विचारलं, "उरलेली वर्षं सोबत राहू या का?" मी दोन दिवस मागून घेतले आणि बहिणीला फोन केला.

"अगो ताई, नको म्हण त्यांना," ती लगेच म्हणाली. "मी येतेच आहे ना. मग माझं काय?"

मी त्यांना नाही म्हणून कळवलं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. वर्षभरात ते मुलाकडे नाशिकला गेले.

केरळची मुलगी पास झाली. "एकही उत्तर चुकलं नाही," बहीण म्हणाली. मी ओल्या खोबऱ्याच्या वड्या करून शेजारी वाटल्या. तोंड भरून सांगितलं, माझी एक विद्यार्थिनी अमेरिकेत पास झाली म्हणून.

पुढच्या हिवाळ्यात बहीण महिन्याभरासाठी आली. मतदारयादीचं काम चाललं होतं. अंगणवाडीच्या बाई कागद घेऊन घरी आल्या. मी म्हटलं, "हिला विचारून घ्या, ही आता कायमची येणारे. कोणता अर्ज भरायचा, काय काय लागेल?"

"पासपोर्ट दाखवा ताई, बघू," बाई म्हणाल्या.

बहीण म्हणाली, "आत्ता कशाला? पुढच्या वेळी बघू." मी म्हटलं, "त्यात काय, मी आणते." ती "ताई, थांब" म्हणेपर्यंत मी माडीवर पोचले होते. तिची पर्स पलंगावरच होती. पासपोर्टचा रंग आपल्यासारखाच गडद निळा, म्हणून हातात घेतल्यावरही काही वाटलं नाही. मग वर सिंह दिसेनात. तिथे गरुड होता.

मी उघडला. तिचा फोटो, तिचं नाव.

खाली येऊन मी बाईंना म्हटलं, "कागद सापडत नाहीत, नंतर या." त्यांना चहा दिला. बाई गेल्या आणि मी पासपोर्ट तिच्या पुढ्यात ठेवला.

"केरळची मुलगी कोण?"

तिने मान खाली घातली. "नव्हतीच कोणी."

"मग मला का सांगितलंस तसं?"

"तू शिकवलं नसतंस."

"नसतंच शिकवलं!"

"मला परत यायचंच नव्हतं ताई. कितीतरी वर्षं नव्हतं. तिथे लोक मला मी म्हणून ओळखतात. इथे मी कोण? शाळेतल्या बाईंची धाकटी बहीण. तुला सांगायचा धीर झाला नाही."

ते मी समजून घेतलं असतं. खरंच घेतलं असतं. माणसाला कुठे राहायचं ते ठरवायचा हक्क आहे, हे मी वर्गात आयुष्यभर सांगत आले. मी विचारलं, "आणि देवरूखच्या सरांना नाही म्हणायला का लावलंस?"

ती रडायला लागली. "मनात नसलं तरी तू एकटी पडशील म्हणून मी यायचं ठरवलं होतं, ते खोटं नव्हतं. पण तू त्यांच्याकडे गेलीस तर मी यायचं ठरवलं तरी माझं घर कुठलं, असं वाटलं."

म्हणजे तिला तिकडचं घर हवं होतं, आणि इकडचंही हवं होतं, मला आत बसवून. हे मी तिला बोलून दाखवलं. तिने नाकारलं नाही.

उरलेले दिवस आम्ही एका घरात राहिलो. मी तिला मासे करून घातले, तिने माझे पडदे धुतले. आरे-वारेच्या समुद्रावर जायचं ठरलं होतं, ते राहून गेलं. तिने दोन-तीनदा सांगितलं, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना आपलं सरकार देतं ते आयुष्यभराचं कार्ड तिच्याकडे आहे, हवं तेव्हा हवं तितकं इथे राहता येतं, फक्त मत देता येत नाही. मी म्हटलं, "ठाऊक आहे मला."

तिला मुंबईच्या गाडीत बसवायला मी हायवेवर हातखंब्यापर्यंत गेले. गाडी उशिरा आली. तिने माझा हात धरून ठेवला होता, मी सोडवला नाही आणि धरलाही नाही.

आता ती दर रविवारी फोन करते. मी उचलते. तब्येतीचं बोलतो, पावसाचं बोलतो. माडीवरच्या खोलीत कॉलेजच्या दोन मुली भाड्याने ठेवल्या आहेत. तिला तसं सांगितलं तेव्हा ती "बरं केलंस" म्हणाली, आणि पुढे पावसाचं विचारू लागली.