धुतलेली शेड

मी बरीच वर्षं एका परदेशी शीतपेय कंपनीच्या सामाजिक जबाबदारी विभागात नोकरी केली. नातेवाइकांना हे काम कधीच नीट कळलं नाही. मुलुंडला आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी एकदा विचारलं, "म्हणजे कंपनी गोड पाणी विकते आणि तू लोकांना त्याबद्दल सॉरी म्हणतेस, असंच ना?" तेव्हा मी जाम भडकले होते. पुढे ओळख करून देताना हेच वाक्य मी स्वतः वापरायला लागले, अर्थात ऑफिसच्या बाहेर.

ऑफिस अंधेरी पूर्वेला होतं. तिथे आम्ही सहाजण वर्षभर राबून एक गुळगुळीत कागदाचा अहवाल काढायचो. पाणी, झाडं, महिला, बाटल्या अशी त्यात प्रकरणं असायची. बाटल्या माझ्याकडे होत्या. जेवढ्या बाटल्या विकू तेवढ्या परत गोळा करू, असा शब्द कंपनीने जगाला दिला होता. शब्द देणारे दूरच्या देशात बसले होते आणि बाटल्या वेचायच्या होत्या घाटकोपरच्या गल्ल्यांमधून. ते काम करणाऱ्या बायकांना असा काही शब्द दिला गेलाय हे ठाऊकही नव्हतं.

त्या बायकांसाठी कंपनीने घाटकोपर पूर्वेला हायवेच्या अलीकडे एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली होती. वेचून आणलेल्या बाटल्या तिथे ओतायच्या, झाकणं काढायची, लेबलं फाडायची, रंगाप्रमाणे वेगळ्या गोणींत भरायच्या आणि गोणी भरल्या की टेम्पो बोलवायचा. वजनाची नोंद वहीत व्हायची. कंपनीने जॅकेटं दिली, हातमोजे दिले. बायकांनी त्यांचं फारसं कौतुक केलं नाही. त्यांना अप्रूप होतं ते शेडच्या मागच्या कोपऱ्यातल्या संडासाचं. आतून कडी, बाहेरून कुलूप, शेजारी नळ. त्याआधी रस्त्याकडेला बसून माल निवडताना दिवसभर कुठे जायचं, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. आमच्या अहवालात जॅकेटांवर एक पान होतं. संडासावर एक ओळसुद्धा नव्हती, कारण त्याचा फोटो कसा छापणार, असं आमचे साहेब म्हणाले होते.

त्या संडासाची किल्ली एका मावशींच्या कमरेला असायची. मावशी शेडच्या प्रमुख. लग्न होऊन जालन्याकडून मुंबईत आलेल्या, पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. शेडमध्ये बुद्धाची छोटी तसबीर त्यांनीच लावली होती आणि तिच्यासमोर उभं राहून बायकांना दम देताना त्यांना काही वाटायचं नाही. मला त्या मॅडम म्हणायच्या आणि अगं-तुगं करायच्या. मला ते आवडायचं. ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायचे, तरी इतकी जवळीक तिथे नव्हती.

शेडचा करार संपत आला तेव्हा मुख्य कार्यालयातून पाहुणे येणार असं ठरलं. त्यांना आवडलं तर शेड पुढे चालू, नाही तर बंद, इतकं ते सरळ होतं. मावशींना मी हे सांगितलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "शेड राहील ना?" मी म्हटलं, "राहणार म्हणजे काय, राहणारच."

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी मावशींना फोन केला आणि म्हटलं, "मावशी, उद्या सगळं जरा स्वच्छ ठेवा हं." हे मी का म्हटलं? निव्वळ सवयीने. पाहुणे येणार म्हटल्यावर माझी आई जे म्हणते तेच मी म्हटलं. कचऱ्याच्या शेडवाल्यांना आपण हे सांगतोय, याचा विचार डोक्याला शिवलाही नाही.

दुसऱ्या दिवशी नऊला पोचले तर दारात रांगोळी. आतला कोबा घासून धुतलेला. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, केसांत गजरे माळून ओळीने बसलेल्या. जॅकेटं धुवून घडी घालून एका बाकावर ठेवलेली. आणि अख्ख्या शेडमध्ये एक बाटली नाही.

"मावशी, माल कुठाय?"

"दिला की! काल टेम्पो बोलवून सगळा उचलून दिला. अर्ध्या गोणीसुद्धा ठेवल्या नाहीत. या बाया कुरकुर करत होत्या, म्हटलं, गप बसा, पाहुण्यांसमोर कचरा मांडणार का तुम्ही?"

मी डोक्याला हात लावला. कचरा बघायला माणसं समुद्र ओलांडून आली होती आणि मी त्यांना रांगोळी दाखवणार होते. पाहुणे साडेअकराला यायचे होते. मी ड्रायव्हरला आमच्याच वितरकाच्या गोदामावर पिटाळलं आणि भरलेल्या बाटल्यांचे क्रेट मागवले, थोडे कोल्ड्रिंकचे, थोडे पाण्याचे.

मावशींनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, त्यांना सरळ सांग ना, आम्ही साफ केलं म्हणून. माल काल गेला, वहीत वजन लिहिलंय. त्यात लाजायचं काय?"

"त्यांना बाटल्याच बघायच्यात, मावशी. वही बघायला कोण येतं इतक्या लांब?"

मग मी, ड्रायव्हर आणि चार बायका गटाराच्या कडेला बसून झाकणं पिळायला लागलो. कोल्ड्रिंकचा तपकिरी फेस गटाराच्या काठावर चढला आणि परत धुतलेल्या कोब्यावर आला. पाण्याची पहिली बाटली मी उलटी केली तशी एक बाई धावत आली. "अगं, ओततेस काय! नळाचं पाणी साताला गेलंय." तिने बादली लावली, दुसरीने हंडा आणला, मग पाण्याच्या सगळ्या बाटल्या त्यांत रिकाम्या झाल्या. त्या वर्षी अहवालातलं पाण्याचं प्रकरण सगळ्यात मोठं होतं. मला ते तिथेच आठवलं आणि हसू आलं, पण हात काही थांबले नाहीत. रिकाम्या बाटल्या आम्ही पायाखाली चेपल्या. एका बाईने त्यांच्यावर माती चोळली आणि ढीग झकास जमला.

पाहुणे चौघे होते. तिघांनी फोटो काढले, हातमोजे घालून पाहिले, मावशींशी हात मिळवला. चौथी एक उंच, पांढऱ्या केसांची बाई होती. ती आधी कंपनीच्या बाटल्या भरायच्या कारखान्यांत होती, असं नंतर कळलं. ढिगाकडे येताना तिचा बूट चिकटला. तिने खाली पाहिलं. मग एक बाटली उचलून तिच्या मानेवरची बारीक छापलेली तारीख वाचली. दुसरी उचलली. तिसरी उचलली. सगळ्यांवर एकच तारीख होती, जेमतेम आठवड्यापूर्वीची. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी रांगोळीकडे.

नंतर तिने बाथरूम कुठे आहे असं विचारलं. मावशींनी कमरेची किल्ली काढून दिली. परत आल्यावर ती मला म्हणाली, मुंबईत आल्यापासून इतकी स्वच्छ जागा पाहिली नाही, त्यांना सांग. मी सांगितलं. मावशींचा चेहरा उजळला. "त्यांना सांग, रोज घासतो आम्ही. पाहुणे येणार म्हणून नाही काही."

दोन आठवड्यांनी मेल आला. जोवर या केंद्राच्या नोंदींवर विसंबता येत नाही, तोवर तिथले आकडे अहवालात घेऊ नयेत. साहेबांनी मीटिंग बोलावली आणि विचारलं, त्या बाटल्या आल्या कुठून? उत्तर माझ्याकडे होतं. मी म्हटलं, "केंद्राच्या पातळीवर काहीतरी गोंधळ झाला असावा." अहवाल लिहून लिहून अशी वाक्यं आपोआप सुचायची, ज्यांना कुणी खोटं म्हणू शकत नाही. साहेबांनी मान डोलावली. करार संपू द्यायचा आणि पुढच्या वर्षी शाळांमध्ये झाडं लावायची, असं ठरलं. झाडांवर तारीख छापलेली नसते.

मावशींना सांगायला मीच गेले. म्हटलं, कंपनीचं धोरण बदललं. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "संडास तरी ठेवतील ना?" मी म्हटलं, विचारते. विचारलं नाही.

पुढे मी ती नोकरी सोडली. तत्त्वासाठी वगैरे नाही, दुसरी चांगली मिळाली. शेडची आठवण अधूनमधून यायची आणि मी ती बाजूला सारायचे. मी त्यात पटाईत झाले होते.

गेल्या मे महिन्यात काही कामासाठी चेंबूरला गेले होते. दुपारचे बारा वाजून गेलेले. फुटपाथवर एका झाडाखाली दोन गोणी घेऊन एक बाई बाटल्यांची लेबलं फाडत बसली होती. हातांची लकब ओळखीची वाटली. मावशी होत्या. खूप वाळल्या होत्या.

"अगं मॅडम! किती जाड झालीस!" असं म्हणून त्यांनी गोणी सरकवून मला जागा करून दिली. मी बसले. ऊन असं होतं की माझा जीव कासावीस झाला होता. मी पर्समधली पाण्याची बाटली काढून आधी त्यांच्यापुढे धरली.

"नको गं. घरी जाईपर्यंत पाणी पीत नाही मी. प्यायलं की जावं लागतं. जायचं कुठे?"

हे त्यांनी लेबल फाडता फाडता सांगितलं. मला बाटली झाकण लावून परत ठेवता येईना आणि पिताही येईना. मग त्यांनीच विचारलं, "एक खरं सांग. आम्ही शेड धुतली म्हणून गेली ना ती? धुतली नसती तर तुला बाटल्या आणायला लागल्या नसत्या. बाया अजून मला बोलतात. म्हणतात, हिच्या साफसफाईने आपली वाट लागली."

मला लाज वाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट. मी त्यांना सगळं सांगितलं. शेड धुतल्याने गेली नाही. तुम्ही म्हणालात तसं खरं बोलले असते, वही दाखवली असती, तर बहुतेक राहिली असती. बाटल्यांच्या तारखा पकडल्या गेल्या आणि ऑफिसात विचारलं तेव्हा मी तुमच्या नावावर ढकलून मोकळी झाले.

मावशींचे हात थांबले. मला वाटलं शिव्या घालतील, आणि घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ब्लाउजमधून फोन काढला, शेडमधल्या एकीचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"ए, ऐक. शेडवाली मॅडम भेटलीय. काय सांगते बघ." आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. "बोल. मला सांगितलंस ते हिला सांग. मग बाकीच्यांना पण लावते."

मी म्हटलं, "शेड मावशींमुळे गेली नाही. माझ्यामुळे गेली."

रस्त्याच्या आवाजातून पलीकडच्या बाईने विचारलं, "बरं. मग आता परत देणार का?"