पुन्हा पुन्हा हाक

कॉम्प्युटर तापल्याचा वास आला की मला ती दुपार आठवते. आमचे हे होडी घेऊन समुद्रात गेले होते, मी अंगणात बांगडे सुकत घालत होते आणि मी कुठे आहे ते विचारणारी ह्यांचीच हाक घरातून आली, "गो, खंय आसस?" आमच्याकडे पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, भूत एकदाच हाक मारतं, माणूस पुन्हा मारतो. मी मोठी शहाणी, तीन हाका मोजल्या आणि "इलंय!" म्हणत आत धावले. हे कुठेच नव्हते. हाक मात्र चालूच, तोच सूर, शेवटी तोच खोकला. होडी बुडाली आणि हे निरोप घ्यायला आले, असं धरून मी उंबऱ्यात बसकण मारली आणि गळा काढला. आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर गेमचे आवाज बनवत बसलेली आमची लेक दचकून बाहेर आली. "आये, बाबांची हाक मी काल रेकॉर्ड केलंय, गेममधल्या खलाशासाठी! एकच तुकडो परत परत वाजता." तरी मी बांगडे तसेच टाकून किनाऱ्यावर जाऊन बसले. संध्याकाळी हे किनाऱ्याला लागले, तेव्हा सगळ्या बायकांदेखत मी ह्यांना करकचून चिमटा काढला. "खुळावलंस काय गो?" हे ओरडले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. आता नातवंडांना ही गोष्ट सांगते, पण त्यातली ती खुळी बाई आमची शेजारीण असते.