कापसाच्या ढिगाला टेकून

परवा गादीवाल्याच्या दुकानासमोर कापसाचा उबट वास आला आणि तेलगावच्या आमच्या घरातली ती संध्याकाळ आठवली. कंपनीच्या सॉफ्टवेअरची माहिती मी साध्या मजकुराच्या फायलींत लिहिली होती. त्या दिवशी घरूनच त्या फायलींची वेबसाइट करून द्यायची होती. वेचून आणलेल्या कापसाच्या ढिगाला टेकून सकाळपासून लॅपटॉप घेऊन बसलो होतो. फायलीत कुठं एक स्पेस, म्हणजे शब्दांमधली मोकळी जागा, चुकली की साइट तयार व्हायची अडायची, मध्येच लाइट जायची. दिवस मावळताना साइटचं पान एकदाचं उघडलं. वडील रानातून आले, डोक्यावरचं गाठोडं ढिगावर टाकलं आणि स्क्रीनकडं वाकून म्हणाले, "सकाळी दावलंस तेच लिवलेलं हाय की. मग दिसभर काय केलंस?" मी डोळे चोळत पान पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. अजूनही केलेली नवी साइट पहिल्यांदा उघडली की वडिलांचा तो प्रश्न आठवतो, आणि मी नुसते डोळे चोळतो.