हळद लावलेला बेडूक

दोन हजार चार-पाचची गोष्ट. हाटकेशला आम्ही नवीनच राहायला आलो होतो आणि इमारतीच्या मागे अजून दलदल होती. धाकटी जाऊ आमच्यातच राहायची. माझी नोकरी, त्यामुळे आठ वर्षांची लेक दिवसभर तिच्याजवळ. सोय होती, मी तक्रार केली नाही. पण पडली, घाबरली, भूक लागली, की पोरगी हाक मारायची ती काकूला. ते मला खुपायचं.

आषाढातल्या एका रविवारी आम्ही तिघी मागे टाकळ्याची भाजी खुडायला गेलो. लेक ओरडली, "काकू, लवकर ये!" मी दोन पावलांवर उभी होते. चिखलात मोठा बेडूक पडला होता, मागची मांडी कावळ्यानं फाडलेली.

आता मी मागे राहणार नव्हते. तडक वर जाऊन हळदीची डबी आणली आणि जखमेवर चिमूटभर दाबली. आमच्याकडे बोट कापो की गुडघा फुटो, आधी हळद. बेडूक तडफडायला लागला.

"अहो ताई, हे काय केलंत!" जावेनं त्याला ओंजळीत उचललं. "त्याची कातडी ओलीच लागते. जीव जाईल अशानं." ती चिपळूणकडची, भातशेतीत वाढलेली. डबक्याच्या पाण्यात तिनं हलक्या हातानं सगळी हळद धुतली आणि त्याला गवताच्या आडोशाला सोडलं.

लेक म्हणाली, "आई, तुला काहीच येत नाही."

"आईला असं बोलू नये," जाऊ म्हणाली. तेही तिनंच शिकवायचं!

दुसऱ्या दिवशी पोरीनं सकाळपासून बेडकाचा धोशा लावला. संध्याकाळी ऑफिसातून येताना मी चपला चिखलात घालून एकटीच डबक्यापर्यंत गेले. बेडूक कुठेच नव्हता. घरात शिरता शिरताच सांगितलं, "दिसला बरं का तुझा बेडूक. पिवळ्या पायावरून लांबूनच ओळखला."

वाटलं, आता गळ्यात पडेल. ती उड्या मारत स्वयंपाकघरात पळाली. "काकू, काकू, आईला बेडूक दिसला! पिवळा पाय!"

जाऊ पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा लाटायला लागली.

"मग झाला असेल बरा," ती लेकीला म्हणाली.

तिनं मला तिथंच खोटं पाडलं असतं तर बरं झालं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.