शनिवारची बाटली

दिगंबर नाफडेला एका जागी पाच मिनिटं बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्याने खुशाल पुढे यावं. गार्डन रीचच्या रेल्वे दवाखान्यात कंपाउंडर म्हणून त्याला चौदा वर्षं झाली होती, आणि या चौदा वर्षांत त्याच्या स्टुलाचा उपयोग वरच्या फळीवरच्या बरण्या काढण्यापुरताच झाला. जेवायचा तेही उभ्याने. पोरगं पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आलंय, असं आई म्हणायची. वडील बंगाल-नागपूर रेल्वेत गार्ड होते, त्यांच्याकडून ती आली असावी. नागपूर सोडून ते कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. दोघे मुलगे इथेच जन्मले, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर बंगाली बोलत वाढले.

कामाला मात्र दिगंबर वाघ होता. रोग्याने बाटली खिडकीत ठेवली की दिगंबर ती मोरीत उपडी करणार, विसळणार, औषध भरणार, कागदाच्या पट्टीला कात्रीने सहा डोसांच्या खाचा पाडून ती चिकटवणार आणि बाटली परत हातात देणार. सगळं मिळून दीड मिनिट. समोरचा काही बोलायला तोंड उघडेपर्यंत ‘पुढचा’ अशी हाक गेलेली असायची. रांग उभी राहत नाही म्हणून साहेब खूश, आणि साहेब खूश म्हणून दिगंबरची छाती दोन बोटं पुढे.

छप्पन सालच्या जानेवारीत या छातीत काटा मोडला. स्टोअर्समधला कारकून हरिपद घोष वर्षभरात अकरा वेळा दवाखान्यात आला होता. पोट जड वाटतं, भूक नाही, झोप नाही. डॉक्टर सान्यालांनी पोट चाचपलं, जीभ पाहिली, काही सापडलं नाही, म्हणून पेपरमिंटच्या वासाचं पोटाचं मिक्श्चर लिहून दिलं. अकराही वेळा ते दिगंबरनेच भरलं. मग एका सकाळी हरिपद आपली छत्री आणि जेवणाचा डबा धक्क्यावर नीट ठेवून नदीत उतरला, तो परत आला नाही.

डॉक्टर सान्याल मितभाषी गृहस्थ. एके दिवशी दुपारी त्यांनी दिगंबरला आत बोलावलं.

“दिगंबरबाबू, तो माणूस पोटाने गेला नाही,” ते म्हणाले. “मन खचण्याचा आजार होता तो. डिप्रेशन. बायका निदान रडतात. पुरुष तो आजार पोटात घेऊन येतात आणि आपण त्यांना पेपरमिंट देतो. कुणाला होतो, कशाने होतो, आधी ओळखता येईल का, ते शोधायचं आहे. माणसं तुम्हाला ठाऊक आहेत. मला मदत करा.”

दिगंबरने मान हलवली आणि खोलीत तीन फेऱ्या मारल्या. अकरा हा आकडा त्याच्या डोक्यातून जात नव्हता. अकरा वेळा तो माणूस खिडकीत दोन हातांच्या अंतरावर उभा होता आणि आपल्याला त्याचा चेहरासुद्धा धड आठवत नाही, याची त्याला लाज वाटत होती.

उन्हाळाभर रोज दुपारी दवाखाना बंद झाला की दोघांचं काम चाले. बेत डॉक्टरांनी साधा ठेवला होता. एका यादीत शंभर पुरुष असे, की जे सहा किंवा जास्त वेळा दवाखान्यात आले आणि तपासून काही निघालं नाही. दुसऱ्या यादीत त्याच वयाचे, तशाच हुद्द्याचे शंभर ठणठणीत पुरुष. दोन्ही याद्यांतल्या माणसांना तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरांत फरक कुठे पडतो ते पाहायचं. मूल दगावलं का, पूर्व बंगालातलं घरदार फाळणीत सुटलं का, रात्रपाळी किती, दारू किती, मनातलं बोलायला कुणी आहे का. डॉक्टर बसून सांगत, दिगंबर उभ्याने लिही. पेन्सिलीचं टोक दिवसातून चारदा मोडायचं.

घोडं पेंड खात होतं ते मुख्य प्रश्नाशी. ‘तुमचं मन उदास असतं का?’ हा प्रश्न त्यांनी आधी तीन कारकुनांवर करून पाहिला. पहिला नुसता हसला. दुसरा म्हणाला, “उदास व्हायला आधी रजा मंजूर करून घ्यावी लागेल.” तिसरा तर आपल्याला वेड्यात काढतात अशी तक्रार घेऊन साहेबांकडे गेला.

“मनाचं विचारलं की पुरुष मूग गिळून बसतो,” दिगंबर येरझाऱ्या घालता घालता म्हणाला. “त्यापेक्षा असं विचारू, तुम्हाला जे करायला आवडायचं, ते शेवटचं कधी केलंत? त्यात लाजण्यासारखं काही नाही.”

डॉक्टरांनी मान वर करून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तो प्रश्न एकोणिसावा म्हणून लिहून घेतला. त्या दिवशी दिगंबर घरी गेला तो हवेत तरंगतच.

ठणठणीत माणसांच्या यादीत त्याने पहिलं नाव घातलं ते सख्ख्या मोठ्या भावाचं. रघुनाथ नाफडे, वय सेहेचाळीस, माल कचेरीत हेडक्लार्क, मुक्काम बेहाला. दादा म्हणजे हसरा माणूस. चारचौघांत त्याच्यासारखा नकलाकार नाही, आणि विश्वकर्मा पूजेला सगळं कलकत्ता पतंग उडवतं तेव्हा बेहालाच्या आकाशात दादाचा पतंग कापणारा अजून जन्मायचा होता. ठणठणीत म्हणजे काय, हे कुणाला दाखवायचं झालं तर दादाच दाखवावा.

पूजा सोमवारी होती. आदल्या शनिवारी याद्या पुऱ्या झाल्या. डॉक्टरांनी सहज विचारलं, “तुमचे हे भाऊ कधी दवाखान्यात आलेत का?” दिगंबरने चटकन रजिस्टर चाळून दाखवलं. रघुनाथ नाफडेची एकही नोंद नव्हती. डॉक्टर समाधानाने उठले आणि घरी गेले.

दिगंबर कुलूप लावायला मागे वळला. मागच्या खिडकीत निळी बाटली ठेवलेली होती. दादा दर शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी सुटली की मागच्या खिडकीशी येऊन बाटली भरून नेत असे. दोन वर्षांपूर्वी एकदा ‘पोट जड वाटतं रे’ म्हणाला होता, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. घरच्या माणसाचं औषध रजिस्टरात चढवायचं नाही, हा सगळ्याच कंपाउंडरांचा रिवाज. घरच्याला कुठे रांगेत उभं करायचं आणि डॉक्टरांपुढे न्यायचं? आज दिगंबर आत होता, म्हणून दादा बाटली ठेवून निघून गेला होता.

त्याने सवयीने बाटली उचलली आणि मोरीकडे वळला. पण आज रांग नव्हती, घाई नव्हती, आणि बाटली हाताला जड लागली. त्याने ती उजेडात धरली. गेल्या शनिवारी चिकटवलेली पट्टी, सहा खाचा, आणि औषध सगळ्यात वरच्या खाचेच्याही वर. एक थेंब कमी झाला नव्हता. आजवर किती भरलेल्या बाटल्या आपण न बघता मोरीत ओतल्या, हे त्याला आठवेना. दोन वर्षांचे शनिवार शंभराच्या घरात जात होते. घोष अकराच वेळा आला होता.

काखेत कळसा म्हणतात तो हा. तो कुलूपही न लावता निघाला, अर्ध्या वाटेवरून परत येऊन लावून गेला. खिदिरपूरला बेहालाची ट्रॅम मिळाली. ट्रॅममध्ये निम्मी बाकं मोकळी होती, तरी हा दांडीला धरून उभा. ट्रॅम फार सावकाश जाते असं वाटून दोन थांबे आधीच उतरला आणि धावतपळत घरी पोहोचला. पूजेला दोन दिवस होते, तरी सगळ्या गच्च्यांवर आरडाओरडा सुरू झाला होता, आकाशात पतंगांची दाटी होती.

दार वृंदावहिनींनी उघडलं. “भाऊजी, तुम्ही? आणि आज कसे?”

“दादा कुठाय?”

“गच्चीवर.”

“पतंग उडवतोय ना?”

वहिनींनी पदराला हात पुसले. “फिरकी दोन वर्षं माळ्यावर पडलीय भाऊजी. मांजा उंदरांनी खाल्ला. तुम्ही आलात कुठे पूजेला मधल्या काळात? आलात तरी चहा उभ्यानेच घेता.”

रघुनाथ गच्चीत पालथ्या बादलीवर, कठड्याला पाठ लावून बसला होता. डोक्यावर शेजाऱ्यांचे पतंग एकमेकांना भिडत होते आणि तो समोरच्या भिंतीकडे पाहत होता. दिगंबरला पाहताच त्याने चेहऱ्यावर नेहमीचं हसू आणलं. “काय रे, रेल्वेने औषध घरपोच पोचवायला सुरुवात केली की काय?”

दिगंबर हसला नाही. तो गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. खिशात प्रश्नांचा कागद होता. एकोणिसावा प्रश्न त्याने स्वतः बसवलेला होता आणि आता तो विचारायची त्याला भीती वाटत होती.

“दादा, पतंग शेवटचा कधी उडवलास?”

रघुनाथचं हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे खाली गेले.

“बाटली भरलेली होती दादा.”

“हो.”

“औषध घेत नाहीस. मग दर शनिवारी येतोस कशाला?”

“तुला सांगायला,” रघुनाथ म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. “घरात सांगवत नाही, वृंदा घाबरेल. कचेरीत सगळ्यांना नकला हव्या असतात. म्हटलं, दिगू दवाखान्यात आहे, त्याला सांगावं. दर शनिवारी ठरवून यायचो. तू बाटली घ्यायचास, भरायचास, माझ्या हातात द्यायचास. मला सुरुवात सापडेपर्यंत तू आत वळलेला असायचास. मग म्हणायचो, पुढच्या शनिवारी.”

दिगंबरचे पाय थांबले. खिशातला कागद त्याने बाहेर काढला नाही. बोलायची पाळी आपली नाही एवढं त्याला कळत होतं. तो भावासमोर गच्चीच्या तापलेल्या फरशीवर मांडी घालून बसला.

चहाचे कप घेऊन वहिनी जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आल्या. भाऊजी खाली बसलेले दिसले तशा त्या तिथेच थांबल्या आणि आल्या पावली परत गेल्या.

शेजारच्या गच्चीत कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि एकच गलका झाला. दिगंबरने तिकडे पाहिलं नाही.

“सकाळी उठवत नाही रे दिगू,” रघुनाथ म्हणाला.