सरळ वाक्य न पटणारे काका

वुडलँड्सच्या आमच्या ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर राहणाऱ्या काकांइतका संशयी वाचक उभ्या सिंगापुरात सापडायचा नाही. कथेत दार उघडलं, की बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस आधी विचारणार, "आतून उघडलं की बाहेरून?" आमच्या रविवारच्या वाचनमंडळात एकीने चार ओळींची साधी कविता वाचली, तर तिच्यातल्या कान तुटलेल्या कपावर काका चाळीस मिनिटं बोलले. शेवटी ती बिचारी म्हणाली, "काका, तो कप खरंच माझ्या हातून पडला हो!" "पडला ना? मग टाकून का नाही दिलास?" झालं, आणखी वीस मिनिटं गेली. ही खोड मंडळापुरती असती तर ठीक. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवरची बाई "फिनिश ऑलरेडी लाह" म्हणाली, तर काका आम्हाला बाजूला घेऊन सांगू लागले, "'नाही' असं नाही म्हणाली ती, 'संपलं' म्हणाली. केवढी खंत आहे बघा!" सामानाच्या यादीत लिंबू शेवटी का, असंही त्यांनी एकदा काकूंना विचारलं. "कारण ते शेवटी आठवलं!" काकू कडाडल्या.

मीही खूप हसायचे. ते थांबलं माझ्याच एका कथेमुळे. दर रविवारी पुण्याला आईला फोन करणाऱ्या एका बाईची ती गोष्ट. मंडळाने "छान, घरगुती" म्हणून चहाकडे मोर्चा वळवला. काका मात्र माझ्या कथेची पानं पुन्हा चाळत बसले. नंतर लिफ्टपाशी मला गाठून त्यांनी हळूच विचारलं, "तुझ्या आईला बरं नाही का गं?"

"काका, गोष्ट काल्पनिक आहे."

"असेल. पण आई 'मी ठणठणीत आहे' म्हणते, आणि तुझी नायिका फोन ठेवून घासलेलंच पातेलं पुन्हा घासते. तिला ते पटलेलं नाही."

मला तिथेच रडू फुटलं. महिनाभर आईचा आवाज थकलेला येत होता, आणि मी तिच्या शब्दांवर विसंबून मोकळी होत होते. त्याच आठवड्यात पुणं गाठलं. जिना चढताना आई दर चार पायऱ्यांना थांबत होती. हृदयाची शस्त्रक्रिया वेळेत झाली. आता ती फोनवर मलाच दटावते.

गेल्या वर्षी काका-काकू मुलीकडे मेलबर्नला कायमचे राहायला गेले. आता मंडळातल्या कविता अर्ध्या तासात कळून संपतात. परवा एकीच्या कवितेतली बाई रिकाम्या खुर्चीवरची धूळ पुसत होती. सगळ्यांनी "वा" म्हटलं. मी जरा थांबले आणि विचारलं, "कुणाची गं ती खुर्ची?"

ती आधी हसली. मग बराच वेळ बोलत राहिली.